सगुणा छाप

आधीच सांगून ठेवतो, बायकांच्या दागिन्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. मी छत्र्या दुरुस्त करतो, कुकरच्या शिट्ट्या बसवतो, स्टोव्ह साफ करतो आणि भांड्यांवर नावं घालतो. गोरक्षनाथ म्हणतात मला. चिडका गोरख म्हणून विचारलंत तर अकोल्याच्या, म्हणजे संगमनेरकडच्या अकोले गावच्या, बाजारात लवकर सापडेन. चिडायला कारणंही तशीच असतात. माणसं सतरा ठिकाणी मोडलेली छत्री आणतात आणि म्हणतात, "जरा बघा, काही विशेष नाही." विशेष नाही तर घरीच ठेवा की! पण ते जाऊ द्या. मला बोलायचंय ते माझ्या पेटीला पेटी लावून एकवीस वर्षं बसलेल्या बाईबद्दल.

सत्यशीला तिचं नाव. वय सदुसष्ट. मी तिला आक्का म्हणतो, ती मला गोरख म्हणते, आणि रागावली की गोरक्षनाथराव. खोटे दागिने दुरुस्त करायचं तिचं काम. पितळेवर सोन्याचं पाणी दिलेल्या ठुश्या, हार, कमरपट्टे. कुणाची कडी तुटलेली, कुणाचा दोरा कुजलेला, कुणाचा खडा पडलेला. आता तुम्ही म्हणाल, शे-दीडशेत नवी ठुशी मिळते, जुनी कोण दुरुस्त करत बसतं? मीही हेच म्हणायचो. पण बायका येतात. लांबच्या वाड्यांवरून जीपमध्ये कोंबून घेऊन येतात, पदराची गाठ सोडतात, गाठीतून चिंधी निघते, आणि त्या चिंधीतून कुणाची तरी आजी, कुणाची आत्या बाहेर पडते.

आक्का दागिना हातात घेतला की आधी पालथा करते. पुढची बाजू बघतच नाही.

"तोंड काय, कोनीबी रंगवतं," ती म्हणते. "पाठ बघावी."

पाठीवर बनवणाऱ्याचा ठसा असतो. एवढासा, तांदळाच्या दाण्याएवढा. मोर, मासा, कमळ, हत्ती. तुम्हाआम्हाला ओरखडा वाटेल. आक्का भिंग लावते, मान वाकडी करते आणि सांगते: शेपूट खाली सोडलेला मोर असला तर बहात्तरच्या दुष्काळाआधीचा; दुष्काळात म्हातारा कारागीर गेला, पोरानं नवा ठसा पाडला, त्या मोराची शेपूट वर. मासा डावीकडं बघत असला तर बापाचा, उजवीकडं बघत असला तर जावयाचा. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे चित्र असलं तर जुनं, अक्षरं असली तर ऐंशीनंतरचं. "आधी घडवनाऱ्यालाबी वाचता येत नव्हतं आन् घेनारीलाबी," ती म्हणायची. "ऐंशीनंतर ह्यांनी बायकांची नावं छापायला काढली. पद्मा छाप, विमल छाप. मोर बरा हुता."

हे तिला शिकवलं तिच्या वडिलांनी, ज्ञानेश्वर त्यांचं नाव. डोक्यावर काचेची पेटी घेऊन जत्रा जत्रा हिंडायचे. आठव्या वर्षापासून ही पेटीशेजारी बसायची. जत्रेत पोरं पाळण्यात बसतात, ही बसून ठसे पाठ करायची. शाळा चौथीपर्यंत. नवरा जीपवर होता, भंडारदऱ्याच्या रस्त्याला वारून आता बारा वर्षं झाली. लेक अश्विनी नाशिकला असते, दर महिन्याला फोनवर सांगते, "आई, बास कर ते भंगार." आक्का "व्हय व्हय" म्हणते आणि पुढच्या बाजाराला हजर.

आणि तंद्री! बाई गं, तिची ती तंद्री. थंडीत इकडं दहा दहा वाजेपर्यंत धुकं हलत नाही. समोरचा भाजीवाला नुसता आवाजाचा असतो, माणूस दिसत नाही. अशा वेळी तिच्या हातात एखादा जुना हार आला की ही गेलीच. डोळे उघडे, बोटं हारावरून फिरतायत, आणि तोंडानं हळूहळू चालू, "हिला हे मोठं हुतं. पोटावर गाठ मारून घातलंय. बारीक पोरगी. डाव्या अंगाचं पानी उडालंय बघ, म्हंजे पोर डाव्या कडेवर. उन्हात लई हिंडलीय." मी म्हणायचो, "आक्का, गिऱ्हाईक उभं हाय." ऐकू यायचं नाही. धुक्यातून कोण कोण तिच्याकडं चालत यायचं देव जाणे, पण खोटं कशाला बोलू, माझाही स्क्रूड्रायव्हर तेवढा वेळ थांबायचा. मला तर कधी कधी काकणं वाजल्यासारखी वाटायची.

मागच्या वर्षी भंडारदऱ्याला निघालेली पुण्याची एक पोरगी उतरली होती, निकिता नावाची. आजीचे झुमके दाखवून म्हणाली, "किती जुने असतील हो?" आक्का म्हणाली, "पासष्ट-सहासष्ट. आन् एकाची फिरकी मागनं बदललीय." पोरीनं तिथूनच आजीला फोन लावला. आजीचं लग्न सहासष्टचं, फिरकी नणंदेनं हरवलेली. पोरगी आ वासून बघत राहिली. आक्का महिनाभर मान ताठ करून बसत होती. चूक म्हणून तिला माहीत नव्हती. मला हेवा वाटायचा, सांगून टाकतो.

तर ह्या माघात कडूबाई आली.

चौसष्टीची बाई, उन्हानं रापलेली, चपला हातात. तिचं नाव ऐकलं की कळतं, आधीची मुलं जगली नसणार. दृष्ट लागू नये म्हणून कडू ठेवलेली. चिंधीतून तिनं कमरपट्टा काढला. नवरीचा असतो तसा, मधे रुंद पान. सोन्याचं पाणी कधीच उडालेलं, पितळ काळं पडलेलं.

"ताई, एवढंच सांगा," ती म्हणाली, "ह्यो कधीचा. माझ्या आईच्या लग्नातला हाय का न्हाई."

मग तिनं सांगितलं ते असं. तिचा बाप राम, मूळचा पुणतांब्याचा. तरुणपणी कामाला इकडं आला, सात-आठ वर्षं राहिला. कडूबाईची आई इथल्याच वाडीतली. कडूबाई सहा वर्षांची असताना आई तापानं गेली. बापानं पोरीला मामाकडं सोडलं, पुणतांब्याला परत गेला आणि वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्या बायकोचा मुलगा पुंजाराम, आता घरचा कर्ता. आणि त्या घरात पहिल्यापासून एकच बोललं जायचं, की आधीची बाई लग्नाची नव्हती. नुसती आणून ठेवलेली.

"नवरा जिता असताना गेली माझी आई," कडूबाई म्हणाली. "अहेव बाई. तिचा टाक त्या घरच्या देवात पायजे का नको?"

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. आमच्याकडं घरातलं असं कुणी गेलं की त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. त्याला म्हणतात देवात बसणं. कडूबाईनं आईचा टाक सोनाराकडून करून घेतला होता, नखाएवढा. पुंजारामच्या पोराचं, हर्षलचं, लग्न ठरलं होतं. लग्नाआधी घरचे देव गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आंघोळीला नेतात. त्याच दिवशी आईला त्यांच्यात बसवा, एवढंच तिचं मागणं. आणि पुंजाराम म्हणाला होता, "लग्नाची हुती असं दाखवा, मी स्वतः बसवतो. पन ठेवलेल्या बाईला मी देवात कसा बसवू?" मामा मेला. वाडीतली म्हातारी माणसं मेली. उरला हा पट्टा. मामानं दिला तेव्हा म्हणाला होता, हा तुझ्या आईच्या अंगावरचा, लग्नातला.

मी ऐकत होतो, पण तेवढ्यात एक शहाणा आला आणि कुकरच्या रिंगवरून माझ्याशी भांडायला लागला. रिंग उलटी बसवली ह्यानं, आणि दोष माझा! ते भांडण संपेपर्यंत आक्कानं पट्ट्याचं पान पालथं केलं होतं, भिंग लावलं होतं, आणि तिचा चेहरा उतरला होता.

"बाई," ती म्हणाली, "ह्याच्यावर चित्र न्हाई. अक्षरं हायेत. सगुणा छाप. ऐंशीच्या आधीचा न्हाई ह्यो."

कडूबाईला हिशेब करायला वेळ लागला नाही. आई गेली सदुसष्टला.

"तुमच्या आईचं नाव?" आक्कानं तरी विचारलं.

"ठकू."

आक्कानं मान हलवली. कडूबाईनं पट्टा पुढं सरकवला. रडली असती तरी बरं झालं असतं. तुटलेला आकडा दाखवून म्हणाली, "एवढा बसवून ठेवा. पुढच्या बाजाराला नेते." आणि चपला हातातच घेऊन धुक्यात चालायला लागली. पाच पावलांवर दिसेनाशी झाली. आक्का दिवसभर त्या दिशेला बघत होती. मी म्हटलं, "खरं सांगितलंस, त्यात तुझा काय दोष?" तर म्हणे, "गोरक्षनाथराव, गप बसा."

पुढच्या बाजाराला आक्का तो पट्टा चिंचेनं घासत होती. काळेपणा निघाला आणि पान असं लखलखलं की माझी नजर गेली. सवयच आहे ती. कुठं अक्षर दिसलं की मी हात बघतो. तीस वर्षं भांड्यांवर नावं घालतोय. आता मशीन आहे, पण वडिलांच्या हाताखाली छिन्नी-हातोडीनं ठिपका ठिपका ठोकायचं शिकलोय.

"आण इकडं," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय?"

"आण म्हणतो ना!"

चष्मा लावला. उन्हाकडं तिरपं धरलं. ठसा एका दणक्यात उठतो; सगळी अक्षरं सारख्या खोलीची, सारख्या वळणाची. हे तसं नव्हतं. एकेक ठिपका वेगळा. पहिला जोरात, पुढचा हलका, 'ण'च्या दांडीवर छिन्नी जरा घसरलेली. हाताचा कल उजवीकडं.

"आक्का," मी म्हणालो, "ही छाप न्हाई. हे घातलेलं नाव हाय. भांड्यावर घालतात तसं. घडवनाऱ्याचं न्हाई, जिचा दागिना तिचं."

"दागिन्यावर कोन नाव घालतं?"

"ज्याच्याकडं एकच दागिना असतो तो घालतो."

आक्कानं भिंग उचललं. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. धुकं विरळ होत होतं, कोथिंबिरीच्या जुड्या हिरव्या दिसायला लागल्या होत्या. मला वाटलं ही पुन्हा तंद्रीत गेली. पण नाही. मग तिनं नखानं कडेला खरवडलं. आकडा जोडलेल्या डाखाखाली अर्धं झाकलेलं, पुसट, एवढंसं कमळ निघालं.

"पाच पाकळ्या," ती म्हणाली. "संगमनेरचा म्हातारा. साठच्या आधीच तो ठसा सोडून दिला त्यानं." आणि भिंग खाली ठेवून म्हणाली, "गोरख, मी आयुष्यात अक्षर बघून कधी पुढं बघितलंच न्हाई रे."

कडूबाई दुपारी आली. आक्कानं तिला पेटीवर बसवलं, स्वतः उभी राहिली. "बाई, मी चुकले," पहिलं वाक्य हेच. मग विचारलं, "सगुणा कोन?"

"कोनी न्हाई. आमच्यात कोनीच न्हाई."

"बापानं आईला काय हाक मारली ऐकलीस?"

"बाप अगं म्हनायचा. शेजारीपाजारी कडूची आई म्हनायचे. ठकू मामाकडं म्हनायचे."

"ठकू माहेरचं," आक्का म्हणाली. "सासरचं नाव तुला कोन सांगनार? तू तर मामाकडं वाढलीस."

आणि मग तिघांनाही एकदमच उमगलं. कारण आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात बोटानं नवं नाव लिहितो. ठेवलेल्या बाईचं नाव कोण बदलतं? तिच्यासाठी तांदूळ कोण पसरतं? कडूबाईनं पट्टा छातीशी धरला आणि पहिल्यांदा, हळू, तोंडात घोळवून बघितलं, "सगुणा." मला तिकडं बघवेना. मी उगाच एका छत्रीच्या काड्या मोजायला लागलो.

"हे पुंजाराम मानंल?" तिनं विचारलं.

"न मानायला काय झालं?" मी तडकलो.

"न्हाई मानायचा," आक्का शांतपणे म्हणाली. "म्हनंल, नाव कोनाचंबी असंल. पन मी येते. मी बोलले हुते न्हाई म्हनून, मीच सांगीन."

बाजाराच्या ऐन दुपारी बाईनं पेटी बंद केली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

देव गंगेवर न्यायच्या सकाळी आम्ही तिघं पुणतांब्याला पोचलो. संगमनेरला एस.टी. बदलली, राहात्याहून जीप. वाटेत सगळीकडं उसाच्या तुऱ्यांवर पांढरं धुकं, आणि खिडकीशी कडूबाई, मुठीत टाकाची पुडी. तिनं त्या घरात पाऊल टाकलं होतं ते आयुष्यात दोनदा, दोन्ही वेळा ओसरीवरून परत. मला वाटत होतं ही जीप अशीच चालत राहावी, पोचूच नये. नाही म्हणाला तर ह्या बाईला कुठल्या तोंडानं परत न्यायचं?

अंगणात मांडव घातलेला, बायका हळद कांडत होत्या. खाटेवर उन्हाला पुंजारामची आई बसली होती, लंकाबाई, पंचाहत्तरीची, डोळ्यांनी अधू. पुंजाराम समोर आला. माणूस वाईट नव्हता. पाणी दिलं, चहा सांगितला. आक्कानं सगळं सांगितलं, आपली चूकसुद्धा, एक शब्द न गाळता. त्यानं पट्टा हातात घेऊन बघितला आणि परत दिला.

"ताई, तुमी लांबून आलात," तो म्हणाला. "पन नाव कोनाचंबी असंल. ह्याच्यावर माझ्या बापाचं नाव हाय का?"

आक्का बोलली तेच झालं. कडूबाईनं पदर सावरला आणि उठायला लागली. ती तिसऱ्यांदा ओसरीवरून परत निघाली होती.

आता माझी एक खोड आहे. दुसऱ्याच्या घरी गेलो की मी माणसांच्या आधी भांड्यांच्या कडा बघतो. बायको म्हणते, शोभत नाही. ओट्यावर पितळी परात होती, त्यात चिंचेनं उजळलेले घरचे देव मांडले होते, खंडोबा, भवानी, बाकीचे टाक. आणि परातीच्या काठावर ठिपक्यांची अक्षरं. मी जवळ गेलो. 'सौ. सगुणा'. 'ण'ची दांडी घसरलेली. हात उजवीकडं कललेला.

"ही परात कुठली?" माझा आवाज जरा चढलाच.

"ती व्हय? मोडीतली," पुंजाराम म्हणाला. "वडलांनी घेतलेली. कोनाचं तरी नाव हाय तिच्यावर. लहानपनापासून बघतोय."

"मोडीतली!" मी म्हटलं. नावाच्या पुढं अंगठा फिरवला. तिथं काठ पातळ लागत होता, कानशीनं घासलेला. पण छिन्नीचा ठिपका खोल जातो, वरवर घासून तो मरत नाही, हे घासणाऱ्याला कुठून माहीत असणार? "कुंकू द्या जरा," मी म्हणालो. एका पोरीनं करंडा पुढं केला. देवांची क्षमा मागून मी चिमूटभर कुंकू त्या घासलेल्या जागेवर चोळलं आणि धोतराच्या सोग्यानं अलगद पुसलं.

कुंकू ठिपक्यांत बसलं. सौ. सगुणा. आणि पुढं, फिकट पण सगळ्यांना वाचता येईल असं, राम.

मुसळ थांबलं. पुंजारामनं ते एकदा वाचलं, मग वाकून पुन्हा वाचलं. त्यानं कडूबाईकडं बघितलं नाही. आईकडं बघितलं, आणि मला एकदम कळलं की ह्या माणसावर मी काय आणलं होतं. बाप खोटा ठरला होता, आणि तो खोटेपणा ह्या म्हातारीशीच केलेला होता.

"काय लिवलंय रं?" लंकाबाईनं विचारलं.

पुंजारामनं मान खाली घातली. आक्का खाटेपाशी जाऊन खाली बसली आणि तिनंच वाचून दाखवलं.

लंकाबाईनं तोंड मांडवाच्या कापडातून येणाऱ्या उन्हाकडं वळवलं. मग म्हणाली, "माझ्या बापानं दोन स्थळं मोडली हुती. बिजवराला लेक द्यायची न्हाई म्हनून. हे आले आन् म्हनले, माझं पहिलंच लगीन." तिनं हातानं चाचपडत परातीचा काठ धरला. "अठ्ठावन वरसं. नवी परात येईतो मी हिच्यातच पीठ मळलं. हिच्या परातीत भाकरी थापल्या आन् हिलाच घरात घेतलं न्हाई."

"आई, तुला काय माहीत हुतं?" पुंजाराम म्हणाला.

"तू गप. टाक कुठंय?"

कडूबाईनं पुडी उघडली. टाक घरंगळला, पण खाली पडायच्या आत आक्कानं झेलला. पुंजारामनं दोन्ही हात पुढं केले, देवात बसवायला.

"तिकडं न्हाई," म्हातारी म्हणाली. "आधी माझ्या गळ्यात."

आमच्यात पहिली बायको वारली आणि दुसरी घरात आली, की पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात बांधतात. मग पहिली रुसत नाही, घरातच राहते. लग्नाच्या दिवशी बांधायचा असतो तो. एक बाई म्हणाली, "आता ह्या वयात? धनी न्हाईत, काय न्हाई..." लंकाबाईनं तिच्या आवाजाकडं अशी मान वळवली की ती मुकाट्यानं हळद कांडायला लागली.

आक्कानं पिशवीतून लाल रेशीम काढलं. खोट्या दागिन्यांत जन्म घालवलेल्या त्या बाईनं खऱ्या चांदीचा तो नखाएवढा टाक दोऱ्यात ओवला. पालथा केला नाही, पाठ बघितली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. लंकाबाईच्या मानेमागं तिनं गाठ मारली.

"कडू," म्हातारीनं हाक मारली. कडूबाई पुढं झाली. "देवाची परात लेकीनं न्यायची असती. ह्या घरात लेकच न्हाई म्हनून दर वेळी भावकीतली धरून आनत हुतो. उचल."

पुंजारामनं स्वतः चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवली. "ताई, जपून," एवढंच तो म्हणाला, पण म्हणाला. कडूबाईनं परात घेतली. काठावरचं कुंकू तिच्या कपाळाच्या वर आलं. मी मेला इतका चिडका माणूस, आणि ओसरीच्या खांबाला धरून लहान पोरासारखा रडत होतो.

नदीकडून वाफ वर येत होती. हलगी वाजली, माणसं निघाली. तेवढ्यात लंकाबाई खाटेवरून पाय खाली सोडायला लागली. पुंजाराम धावला. "आई, तू कुठं? तुला एवढं चालवतंय का? तू थांब घरी."

म्हातारीनं एका हातानं त्याचा खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं गळ्यातला टाक मुठीत घेतला.

"मला सोड," ती म्हणाली. "आमी दोघी जाऊ."